रूप आणि नाम : एका छायाचित्रग्रंथाच्या मांडणीविषयी

सुधारक ओलवे हे नाव मुंबईच्या वृत्तपत्रवाचकांस अपरिचित नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी दीर्घकाळ वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केले आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी वर्षानुवर्षे घेतलेली कृष्णधवल छायाचित्रे 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस : द अनटोल्ड स्टोरी ऑफ कॉन्झर्व्हन्सी वर्कर्स' या नावाने ग्रंथरूपात आली आहेत. ती पाहून ज्याचे मन हलणार नाही त्याच्याशी आम्हांस काही बोलावयाचे नाही. या कामाचे मोल आम्ही मानतो आणि ते मानूनच पुढील विवेचन करीत आहोत. चित्रे चांगली आहेत की नाहीत हा येथील प्रश्न नव्हे. अशी चित्रे ग्रंथात बांधली जातात तेव्हा त्यांचे काय होते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आमच्या विद्यापीठीय व्यवहारात 'मोनोग्राफ' म्हणजे एकाच विषयावरील प्रबंधिका. छायाचित्रकारांच्या व्यवहारात त्याच शब्दाचा अर्थ एकाच छायाचित्रकाराच्या कामाचा ग्रंथ असा होतो. अर्थ थोडासाच सरकलेला दिसतो. पण त्या सरकण्यात विषय मागे जातो आणि कर्ता पुढे येतो. मुखपृष्ठावर नाव कर्त्याचे असते आणि चेहरा दुसऱ्याचा असतो. त्या दुसऱ्याचे नाव ग्रंथात कोठे येते, किती मोठ्या अक्षरांत येते, येते तरी की नाही, ही मांडणीची बाब म्हणून मुद्रकावर सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मते ती आशयाचीच बाब आहे.

वृत्तपत्रातील छायाचित्र एकटे जन्माला येत नाही. त्याच्याबरोबर फोटोओळ जन्मते : कोण, कोठे, केव्हा, काय करताना. रात्रपाळीच्या उपसंपादकाने ती घाईत लिहिलेली असते, तीत चुका असतात, कधी नावाचे शुद्धलेखनही धड नसते. तथापि ती असते. हेच चित्र पुढे जाड कागदावर, समोरचे पान कोरे ठेवून, चारही बाजूंनी पांढरी जागा सोडून छापले जाते तेव्हा सर्वांत आधी बळी जातो तो या ओळीचा. चित्राने स्वतःच बोलावे, असे त्याचे समर्थन केले जाते. हा संकेत पश्चिमेत घडला. वॉकर एव्हन्स यांच्या 'अमेरिकन फोटोग्राफ्स' (१९३८) या ग्रंथात चित्र उजव्या पानावर, डावे पान कोरे आणि चित्रांची माहिती त्या त्या भागाच्या शेवटी यादीरूपाने दिलेली, अशी व्यवस्था आहे. रॉबर्ट फ्रँक यांची ८३ चित्रे १९५८ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली तेव्हा चित्रांसमोर अमेरिकेविषयीचे निरनिराळ्या लेखकांचे उतारे होते. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत आवृत्ती निघाली तेव्हा ते काढून टाकले गेले आणि ग्रंथास जॅक केरुअॅक यांची प्रस्तावना लाभली. चित्रे तीच राहिली आणि ग्रंथ मात्र निराळा झाला. पहिला एका देशाविषयीचा होता, दुसरा एका माणसाच्या दृष्टीविषयीचा झाला. जगाने दुसराच डोक्यावर घेतला.

फ्रँक यांच्या चित्रांतील माणसे बहुतांशी रस्त्यावर भेटलेली आणि निघून गेलेली आहेत, म्हणून तेथे फारसे बिघडत नाही असे कोणी म्हणेल. बरे, मग अलाबामाचे उदाहरण घेऊ. १९३६ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकाने लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार एव्हन्स यांना तेथील वाटेकरी शेतकऱ्यांकडे पाठविले. मासिकाने तो मजकूर छापला नाही. त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये निघाला. त्यात चित्रे अगदी प्रारंभी, एकाही फोटोओळीवाचून येतात आणि मजकुरात त्या कुटुंबांची नावे बदललेली आहेत. हेतू शुद्ध होता : त्या गरिबांची लाज राखावी. पुढे ग्रंथ अभिजात ठरला, विद्यापीठांतून शिकविला जाऊ लागला. आणि ज्यांचे चेहरे त्यात होते त्यांच्या घरच्या काही माणसांनी अनेक वर्षांनंतर त्याबद्दल राग व्यक्त केला. आपला चेहरा साऱ्या देशाने ओळखावा आणि आपले नाव कोणास ठाऊक नसावे, ही अवस्था सुखाची नाही.

याच्या उलट टोकाचा ग्रंथ मार्गारेट बर्क-व्हाइट आणि अर्स्किन काल्डवेल यांचा, १९३७ चा. त्यातही अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरीच आहेत. तेथे प्रत्येक चित्राखाली ओळ आहे, आणि ती त्या माणसाच्या तोंडची आहे. परंतु ती त्याने उच्चारलेली नव्हे. ही वाक्ये आमच्या कल्पनेतील आहेत, या व्यक्तींची खरी भावना सांगण्याचा त्यांचा दावा नाही, असे लेखकद्वयाने प्रारंभीच कबूल करून टाकले आहे. प्रामाणिकपणाचे कौतुक करावे की धारिष्ट्याचे, हे आम्हांस ठरविता आलेले नाही. एकाने गरिबाचे नाव काढून घेतले, दुसऱ्याने त्याच्या तोंडात आपली जीभ घातली.

या बर्क-व्हाइट बाईंचे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण १९४६ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकासाठी बाबासाहेबांची छायाचित्रे घेणाऱ्या त्याच. त्याच वर्षी त्यांनी चरख्याजवळ बसलेल्या गांधींचे चित्र घेतले. आज ते जगप्रसिद्ध आहे. पण २७ मे १९४६ च्या अंकातील भारतीय नेत्यांवरील ज्या लेखासाठी ते घेतले गेले त्यात ते आलेच नाही. काही आठवड्यांनी ते एका निराळ्या मजकुरासोबत लहान आकारात छापले गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधींच्या हत्येनंतरच्या श्रद्धांजलीत, त्याला मोठी जागा मिळाली आणि तेथून त्याचा प्रवास सुरू झाला. या दोन वर्षांत चित्रात एका रेषेचाही फरक पडला नव्हता. फरक पडला तो पानावरील जागेत आणि शेजारच्या मजकुरात. ज्यांना मांडणी म्हणजे केवळ सजावट वाटते त्यांनी या एका दाखल्याचा विचार करावा.

आता आम्ही आमच्या घरच्या विषयाकडे वळतो. वाचकांस हे विषयांतर वाटल्यास त्यांनी थोडा धीर धरावा.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात भारहुतच्या स्तूपाचा कठडा उभा राहिला. त्याचे अवशेष कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडले आणि आज त्यांतील बरेचसे कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्या कठड्यावरील शिल्पांचे वैशिष्ट्य असे की, अनेक दृश्यांशेजारी ब्राह्मी लिपीत ओळी कोरल्या आहेत. जेतवनाच्या प्रसिद्ध शिल्पात बैलगाडी आहे, जमिनीवर नाणी पसरणारी माणसे आहेत, हाती झारी घेतलेला दाता आहे. आणि शेजारी, अनाथपिंडिकाने कोटी नाणी अंथरून विकत घेतलेले जेतवन तो दान देत आहे, असा स्पष्ट उल्लेख आहे. हीच त्या काळची फोटोओळ. कोण, कोठे, काय करताना. या ओळींमुळेच कनिंगहॅम आणि त्यांच्या नंतरच्या पंडितांस जातककथांची शिल्पे ओळखता आली. उलट सांची येथे कारागिरी अधिक प्रौढ आहे, पण दृश्यांना ओळी नाहीत. परिणामी कित्येक दृश्यांचा अर्थ लावण्यात विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या आणि काहींबाबत अद्याप एकमत नाही. जे पाहताक्षणी सर्वांस कळत होते त्याला ओळीची गरज नाही, असे त्या कारागिरांस वाटले असावे. पाहणारा बदलतो हे त्यांच्या ध्यानी आले नाही. तथापि सांचीनेही एक गोष्ट सोडली नाही : दात्यांची नावे. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे कोरीव काम केल्याची नोंद करून ठेवली आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांतही कल्याणचे, सोपाऱ्याचे दाते आपापल्या नावांनी उभे आहेत. नाव कोरण्यास दगडात जागा असते. आर्ट पेपरवर ती नसते हे पटण्यासारखे नाही.

दुसरा दाखला थेरगाथेतील सुनीत थेरांचा. द्वादसकनिपातात त्यांच्या गाथा आहेत. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, पोटभर अन्न मिळत नव्हते, हलके काम करीत होतो, लोक तिरस्कार करीत आणि आपण पुष्कळांपुढे वाकत असू, असे ते स्वतः प्रथमपुरुषात सांगतात. पुढे मगधाच्या नगरात भगवंत भिक्खुसंघासह येताना दिसतात, सुनीत खांद्यावरील कावडीचा दांडा खाली ठेवून वंदनास पुढे होतात आणि भगवंत त्यांच्यासाठी थांबतात. येथे आम्ही दोन गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो. पहिली, त्यांच्या कामाचा शब्द : 'पुप्फछड्डक'. शब्दशः अर्थ सुकलेली फुले टाकून देणारा. पण कोशकारांनी त्याचा अर्थ केर काढणारा, शौचकूप साफ करणारा असाही दिला आहे. म्हणजे फुलांचा उल्लेख हे बहुधा वरचे झाकण आहे. दुसरी गोष्ट, गाथा संपल्यावर ग्रंथ एक छोटी ओळ देतो : सुनीत थेर. बोलणारा कोण हे सांगितल्यावाचून संगीतिकारांनी पुढचे पान उलटले नाही. कुळ, काम, कामाचे साधन, नगर आणि नाव, एवढे सगळे त्या थोड्या गाथांत आणि एका ओळीत मावले आहे.

आता ओलवे यांच्या ग्रंथाचे शीर्षक पुन्हा वाचावे. 'कॉन्झर्व्हन्सी' हा शब्द म्हणजे इंग्रजीतला पुप्फछड्डकच होय. मैला, गटार, उकिरडा यांतले काहीच त्यात ऐकू येत नाही. पालिकेच्या दप्तरातून तो आला आणि दप्तराचा वास तेवढा त्याला लागून आहे. अडीच हजार वर्षांनंतरही या कामाचे नाव घेताना भाषेने फुलांचाच आडोसा शोधावा, याची आम्हांस गंमत वाटते आणि खेदही. दुसरा शब्द 'अनटोल्ड', न सांगितलेली. कोणास न सांगितलेली? तीसच्या दशकात बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला तो याच कामगारांचे गाऱ्हाणे सांगण्यासाठी. बाबुराव बागुलांचा पहिला कथासंग्रह १९६३ चा, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांनी 'नरकसफाईची गोष्ट' मराठीत लिहिली, तिच्या शीर्षकातच गोष्ट आहे. ही कहाणी नायगाव-परळच्या चाळींत रोज सांगितली जाते. जी इंग्रजीत छापली गेली नाही ती सांगितलीच गेली नाही, हा समज केवळ ओलव्यांचा नव्हे. इंग्रजी छायाचित्रग्रंथांच्या सबंध व्यवहाराचा तो आहे आणि ग्रंथाचे नाव ठेवताना तो नकळत आत शिरतो.

कृष्णधवल रंगसंगतीविषयी आमचे मत दुहेरी आहे. रंग काढून घेतल्याने मैल्याचे आणि पाण्याचे करडेपण एक होते. त्यामुळे ज्याने एरवी मान फिरविली असती तो वाचक चित्राकडे दीर्घकाळ पाहू शकतो, आणि पाहण्यातूनच विचार सुरू होतो. ही जमेची बाजू झाली. पण त्याच करडेपणात दुर्गंधी सुंदर दिसू लागते, ओल्या खांद्यावरचा प्रकाश रेखीव भासतो आणि वाचक छायाचित्रकाराच्या हाताला दाद देऊन पुढे जातो. ओलव्यांच्या चित्रांत हे सर्वत्र घडत नाही, कारण ते कामगाराच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जातात आणि घरात आल्यावर करुणेला नुसते रेंगाळता येत नाही. तेथे बायको आहे, मुले आहेत, उद्याची पाळी आहे. ग्रंथातील चित्रांचा क्रम ठरविताना गटाराकडून घराकडे जायचे की घराकडून गटाराकडे, यावर सारे अवलंबून असते. आम्ही घरापासून आरंभ केला असता. प्रथम माणूस भेटावा, मग त्याचे काम.

हा ग्रंथ आम्ही एका रविवारी परळच्या एका विहारात नेला होता. वंदना आटोपल्यावर तो सतरंजीवर मधोमध ठेवला. पालिकेतून निवृत्त झालेले एक वयस्क उपासक जवळ आले. मजकूर इंग्रजी, त्यामुळे त्यांनी तो सोडला आणि चित्रांवरच बोट ठेवले. "हा कुठल्या चौकीचा, सर?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्ही निरुत्तर झालो, कारण अशा प्रश्नाचे उत्तर शोधावे हेही आम्हांस सुचले नव्हते. गटाराच्या तोंडातून वर येणारा माणूस पाहून ते म्हणाले, "खाली एक असला की वर दोर धरायला दुसरा असतोच. फोटोत दिसो न दिसो. त्याचं नाव लिहिलंय का?" मग त्यांनी हातमोजे आहेत का पाहिले, बूट पाहिले, माणूस कायम असेल की कंत्राटी याचा अंदाज बांधू लागले. आम्ही ज्या चित्रात व्यथा पाहत होतो त्यात ते हजेरीपट वाचीत होते.

हा भेद वरवरचा नाही. मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा कायमपणाचा दावा सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०१७ मध्ये निकालात निघाला तेव्हा वादाचा मुद्दा हाच होता की, ही माणसे पालिकेची की कंत्राटदाराची. गटारात मृत्यू आल्यास मिळावयाची भरपाई न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरविली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण ती मिळविण्यासाठी मेलेला कोण होता आणि कोणाच्या सांगण्यावरून खाली उतरला होता हे कुटुंबाला दाखवावे लागते. ज्या कामात नोंद म्हणजे भाकरी आहे त्या कामाच्या चित्राखाली नोंद नसावी, हा केवळ सौंदर्यदृष्टीचा निर्णय ठरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कंत्राटी कामगाराचे नाव छापले तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाईल. मान्य. अलाबामात एजींनीही असाच विचार केला असावा. पण नाव आणि निनावीपण यांच्यामध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत. एफ-दक्षिण विभाग, रात्रपाळी, कंत्राटी, मूळ जिल्हा, कामाची वर्षे, चित्राचे साल. एवढे लिहिले तरी मनुष्य 'कामगारवर्गाचे प्रतीक' होण्यापासून वाचतो आणि मुकादमाच्या हातीही सापडत नाही. आणि जो निवृत्त झाला, जो वारला, त्याचे नाव लपविण्याचे कारण उरत नाही. दहा वर्षांनी निघणाऱ्या आवृत्तीत ते घालता येते.

दुसऱ्यांचे दोष सांगताना आपल्या घरात डोकावणे प्राप्त आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर जे स्टॉल लागतात त्यांवर बाबासाहेबांची किती छायाचित्रे विकली जातात! त्यांतील कोणत्या चित्राखाली ते घेणाऱ्याचे नाव असते? पार्श्वभूमी कापलेली, सूट निळा रंगविलेला, मागे अशोकचक्र जोडलेले. १९५६ च्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून केले. त्यातील दृश्ये सर्वत्र फिरतात आणि व्हटकरांचे नाव फारच थोड्यांच्या तोंडी असते. मोनोग्राफ कर्त्याचे नाव ठेवतो आणि चित्रातल्या माणसाचे विसरतो. आपण चित्रातल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवितो आणि कर्त्याला विसरतो. कल्याणच्या विजय सुरवाडे यांच्यासारख्या संग्राहकाने अनेक वर्षे खपून ही छायाचित्रे जमविली, त्यांच्या तिथी आणि स्थळे जुळविली. असे काम केवळ भक्तीने होत नसते.

आणि तरीही आपल्याकडे एक फोटोओळ अशी आहे की जिच्यापुढे न्यूयॉर्कचे ग्रंथ फिके पडावेत. फेब्रुवारी १९३४, दादरचे राजगृह. चित्रात डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव. आणि ओळ तेथे न थांबता बाबासाहेबांच्या आवडत्या कुत्र्याचेही नाव सांगते : टॉबी. ही ओळ ज्याने कोणी प्रथम जुळविली त्याने घरातील एकालाही निनावी ठेवले नाही.

मुंबईवरील छायाचित्रग्रंथांत रघुबीर सिंह यांच्या 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' (१९९४) चा उल्लेख नेहमी होतो, म्हणून दोन शब्द. प्रारंभी व्ही. एस. नायपॉल यांच्याशी झालेला संवाद आहे. याच नायपॉलांच्या १९९० च्या भारतविषयक ग्रंथाचा आरंभ मुंबईच्या रस्त्यावरील एका लांबच लांब रांगेने होतो. ती रांग प्रथम त्यांना उमगत नाही. मागाहून कळते की आंबेडकर जयंतीसाठी निघालेले हे दलित आहेत. पाहणारा मोठा लेखक असला तरी नाव सांगेपर्यंत रांग ही नुसती गर्दीच राहते, एवढे त्यावरून दिसते. सिंह यांच्या रंगज्ञानाविषयी तज्ज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात आम्ही भर घालू शकत नाही. शीर्षकातील प्रवेशद्वार मात्र अपोलो बंदरावरचे आहे. विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने येणाऱ्यांचे प्रवेशद्वार दादर स्थानकाचा पूल आहे.

ओलव्यांच्या ग्रंथाची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा तिच्या जोडीने एक मराठी आवृत्ती निघावी. साध्या कागदावर, चौकीवर चहाच्या वेळी चाळता येईल अशा बांधणीची आणि चौकीवरच्या माणसाला परवडेल अशा किमतीची. चित्रे थोडी कमी झाली तरी चालतील. ओळी वाढाव्यात.

तो ग्रंथ आम्ही त्या रविवारी विहारातच ठेवून आलो होतो. दोन आठवड्यांनी परत आणावयास गेलो तेव्हा त्यात वहीच्या कागदाच्या सात-आठ चिठ्ठ्या खोवलेल्या होत्या. पेन्सिलीने, निरनिराळ्या हस्ताक्षरांत. एकीवर केवळ 'लालबाग?' असे लिहिले होते. दुसरीवर, हा तो नव्हे, पण याच्यासारखाच दिसणारा त्याचा भाऊ आमच्या गँगमध्ये होता, अशी नोंद होती. दोन चिठ्ठ्यांवर पूर्ण नावे आहेत. ती बरोबर आहेत की नाहीत हे आम्ही अद्याप तपासलेले नाही, म्हणून येथे देत नाही. ग्रंथ पुन्हा विहारात ठेवला आहे, कारण नायगावचे एक गृहस्थ पुढच्या रविवारी येणार आहेत आणि त्यांना त्या काळातले बरेच जण आठवतात असे कळते.